म्हात्रे सरांचं गाव

म्हात्रे सर व्हिडिओ गेममध्येही हजेरी घेतात. पडद्यावरची ठोकळ्यांची माणसं आधी रांगेत उभी राहतात, मग सर नावं पुकारतात. न विचारता कुणी खड्डा खणला, तर त्याला खेळातल्या झाडाकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

भिवंडीतल्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवतात, मी शेजारच्या वर्गात मराठी. मधली भिंत प्लायवूडची. 'खेळातून शिकवा' असं प्रशिक्षणात सांगितलं, तेव्हा आम्ही बाकीचे माना डोलावून घरी गेलो. सरांनी ते मनावर घेतलं. मुलांकडून कॉम्प्युटरवर अख्खं गाव बांधून घेतलं, प्रत्येकाला स्वतःचं घर. मी कविता वाचायला लागलो की पलीकडून आरोळी, "आरं, नदीत कुठं घर बांधतंस? पूर आला का जाशील वाहात!"

पत्नी गेल्यापासून मला शांतता सोसत नाही, हे खरं. पण म्हणून इतका गोंगाट?

मी सरांकडे तक्रार केली.

"मास्तर, तुमची कविता पोरं झोपंत ऐकतात. माझी जागी तरी हायत."

यंदा शबनम आली. वडील पॉवरलूमवर कामाला. पहिल्याच तासाला तिनं विचारलं, "सर, मेरा घर किधर?"

गावात जागाच नव्हती. हद्द वाढवली की आमचे जुने कॉम्प्युटर बंद पडतात. सगळे खेळत असताना ती नुसती बघत बसे. शेवटी मीच सरांना म्हणालो, "गेल्या वर्षीच्या त्या अन्वरचं घर पाडा. त्याच्या वडिलांचे लूम बंद पडले, ते लोक आपल्या मुलुखाला परत गेले. अशी किती घरं रिकामी आहेत!"

"न्हाय."

"अहो, ती मुलं परत येणार नाहीत!"

"ठाव हाय मला."

असल्या माणसाशी काय बोलायचं! समोरच्या मुलीला घर नाही आणि हे रिकाम्या घरांची राखण करतायत.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे आवाजच नाही, म्हणून डोकावलो. शबनम नव्या घराला दार बसवत होती. जागा अन्वरच्या घराला लागून, चौकातली. कालपर्यंत तिथं सरांचं घर होतं.

"आणि तुम्ही कुठं राहणार?"

"मी हाय ना हितं," पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. मग शबनमकडे वळले, आवाज एकदम खाली. "खिडकी त्या बाजूला ठेव गो. अन्वरच्या अंगणात सांजचा दिवा लावायला कोन तरी पायजे."