तायडे काका आणि गंजलेल्या मशिनी

तायडे काकांच्या घरी गेलेल्या माणसाला आधी पाणी मिळत नसे, आधी पॉलिश पेपर मिळत असे. लग्नपत्रिका द्यायला आलेले असोत, गणपतीची वर्गणी मागायला आलेले असोत, की विम्याचा एजंट असो, काका अंगणातल्या लाकडी पाटाकडे बोट दाखवत, हातात पॉलिश पेपरचा तुकडा आणि एखादं गंजकं चाक देत आणि म्हणत, "घासता घासता बोला."

माणसं बोलत. काय करतील? हातात चाक आल्यावर ते नुसतं धरून बसणं बरं दिसत नाही. नगरसेवकाच्या निवडणुकीत एक उमेदवार कार्यकर्त्यांसकट आला होता. त्याने पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर करून मोठ्या उत्साहाने एक अख्खा रूळ घासून दिला. तो गेल्यावर काकांनी रूळ डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि मत दिलं, "माणूस चांगला हाये, पण कोपरे सोडते." उमेदवार पडला. काकांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही.

हे घासणं चालायचं ते गवत कापायच्या जुन्या मशिनींचं. ढकलायच्या, रुळाच्या, वाकड्या पात्यांच्या. साहेब लोकांच्या बंगल्यांपुढे हिरवळ असायची त्या काळातल्या. काकांच्या अंगणात त्या ओळीने उभ्या असत. गंज काढलेल्या, रेड ऑक्साइड मारलेल्या, हिरव्या ऑइल पेंटने रंगवलेल्या. अंगणात गवताची काडी नव्हती. अमरावतीच्या उन्हात आमच्या गल्लीची माती एप्रिलमध्येच तडकून जाई. हिरव्या म्हणाव्यात अशा गल्लीत दोनच गोष्टी होत्या, काकांच्या मशिनी आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाची पाटी.

मी मूळची अकोल्याची. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून एकटीच अमरावतीला आले आणि काकांच्या वरच्या दोन खोल्या बघायला गेले, तेव्हा माझ्याही हातात पेपर आलाच. मी मुकाट्याने एक दांडा घासायला लागले. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आवो, पोरगी खोली पाहाले आली, तिले काय कामाले लावता?" आणि मग माझ्याकडे वळून, "अन तू बी काय वं, आडवं घासून राहिली. उभं घास."

या तायडे काकू. अंगाने काडी, आवाज तीन घरं पलीकडे पोचणारा. त्या उंबऱ्यावर मांडीशी सूप घेऊन बसत, हाताने तुरीची डाळ निवडत आणि तोंडाने काकांना. कारण काका जितके हौशी, तितकेच त्या कामात अडाणी. गंज अर्धवट ठेवून वर रंग फासत. भर उन्हात रंगवायला बसत, मग रंगाला फोड येत. थिनर इतकं ओतत की रंग पाण्यासारखा पळे आणि दांड्यावरून ओघळ उतरत. ब्रश न धुता ठेवत. दुसऱ्या दिवशी त्याचा दगड झालेला असे. एकदा तर स्वतःच्या चपला हिरव्या करून त्याच घालून ते घरभर फिरले. फरशीवर पावलं उमटली.

"लक्ष्मी येतीन म्हणते लोकं," काकू म्हणाल्या, "आमच्या घरी तायडे आले."

मला काकांची दया यायची. सगळ्या गल्लीलाच यायची. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस, चार माणसांत मान असलेला, आणि घरात दिवसभर हे ऐकून घ्यायचं. शेजारच्या बाई म्हणायच्या, "तायडे साहेब म्हून टिकले. दुसरा असता तर हिमालयात गेला असता." काका मात्र शांतपणे पुढची चूक करायला लागत. इतक्या वर्षांत एखाद्याला रंगाचा एक हात सरळ देता येऊ नये, याचं मला नवल वाटे.

पहिली मशीन त्यांच्याकडे अपघाताने आली होती. काका अकोल्याला नोकरीत होते. ऑफिसच्या जुन्या सामानाचा लिलाव चालला होता. काकांनी तोंडावरची माशी हाकलायला हात वर केला आणि लिलाव करणाऱ्याने 'तायडे साहेब' म्हणून हातोडा आपटला. ती मशीन पुढे कित्येक वर्षं घराच्या मागे गंजत पडली. नंतरच्या मात्र त्यांनी शोधून आणल्या. अचलपूरच्या भंगारवाल्याकडून, चांदूर बाजारच्या बाजारातून, कुठल्याशा जुन्या विश्रामगृहाच्या मागच्या पडवीतून. अचलपूरची मशीन एसटीने आणताना कंडक्टरशी वाद झाला. कंडक्टर म्हणाला, याचं लगेज लागेल. काका म्हणाले, "मांडीवर घेतो, मंग तिकीट कायचं?" आणि त्यांनी खरोखरच ती अमरावतीपर्यंत मांडीवर घेतली. बसमधल्या कोणीतरी विचारलं, "काका, घरी बगीचा मोठा असंल?"

"बगीचा नाही," काका म्हणाले. "घरवाली हाये."

लोक हसले. काकाही हसले असावेत. त्या दिवशी पँटला लागलेल्या गंजावरून काकूंनी संध्याकाळपर्यंत त्यांना सोडलं नाही, आणि मी वरून ऐकत होते.

त्यांच्या बैठकीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली एका मुलीचा फोटो होता. सुजाता, त्यांची एकुलती एक. मेळघाटात सेमाडोहकडे एका शाळेवर शिक्षिका होती. पावसाळ्यात ताप भरला, खाली आणेपर्यंत उशीर झाला, आणि गेली. मी राहायला येण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. मला ती शेजारच्या बाईंनी सांगितली. त्या घरात तिचं नाव कधी निघत नसे. काकू रोज फोटो पुसत आणि पुसता पुसताही काकांना बोलत.

मागच्या वैशाखात, एका दुपारी काका जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत. दारात उभे राहिले, म्हणाले, "जरा खाली ये. तुझी काकू काही बोलून नाही राहिली."

मी खाली गेले. काकू जेवून आडव्या झाल्या होत्या, तशाच होत्या. हात कपाळावर. मी त्यांचा हात धरला आणि मला समजलं. काका दाराशीच उभे होते. ते म्हणाले, "मी मुद्दाम स्टीलचा गिलास खाली पाडला. तरी उठली नाही."

पुढचे दिवस माणसांचे गेले. अकोल्याहून काकांचे धाकटे भाऊ मधुकरराव आणि त्यांच्या पत्नी आल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, गल्लीतली सगळी माणसं आली. अंगणात मशिनींच्या ओळीसमोर सतरंजी टाकली होती. काकांनी कोणाच्या हातात काही दिलं नाही. माणसं रिकामे हात मांडीवर ठेवून बसली, आणि मला कळलं की इतकी वर्षं या अंगणात कोणी नुसतं बसलेलंच नव्हतं.

मधुकररावांनी काकांना अकोल्याला नेलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊले आता तिकडेच ठेवतो. हे भंगार एखाद्या दिवशी देऊन टाकू." पण पावसाळा लागायच्या आत काका पिशवी घेऊन परत आले. का परत आलात, विचारलं तर म्हणाले, "तिथं लय चांगले लोक हायेत." मला वाटलं, काका गमतीने बोलताहेत.

ते खायचे बंद झाले होते. मी कॉलेजला जाताना त्यांच्यासाठी डबा ठेवायची. संध्याकाळी डबा घासूनपुसून जिन्यावर ठेवलेला असायचा. बरं वाटायचं. मग एक दिवस माझ्या लक्षात आलं, की फाटकाशी असणारं खरूज झालेलं कुत्रं चांगलं गुबगुबीत झालंय, आणि काकांचा सदरा त्यांच्या खांद्यावरून घसरतोय. मी काकांना म्हटलं, "काका, थोडं तरी खात जा हं." ते म्हणाले, "खातो नं." मी तरी अजून काय बोलणार. मोठा माणूस, दुःखातला.

पावसात मशिनी उघड्यावर राहिल्या. रंगांना पोपडे आले, पात्यांवर तांबूस गंज चढला. भाद्रपदातल्या एका शनिवारी, उघडीप होती तेव्हा, खालून घासण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी. मी खिडकीतून पाहिलं. काका पाटावर बसून एक मशीन घासत होते. मी खाली गेले नाही. म्हटलं, लागलेत हाताला काही, तर लागू द्यावं. दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी भाकरी आणि वांग्याची भाजी ताटात वाढून मी स्वतःच खाली घेऊन गेले, डबा नको म्हणून.

मशीन सावलीत ओढून घेतली होती. गंजाचा ठिपका नव्हता. रेड ऑक्साइडचा हात आदल्या दिवशीच देऊन वाळवलेला असावा, आणि त्यावर हिरवा रंग चढत होता. काका ब्रश डब्याच्या कडेला निपटत, एका दमात दांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत. ओघळ नाही, फोड नाही, केस नाही. दुकानातून आणल्यासारखी मशीन. मी ताट धरून उभीच राहिले.

"काका, तुम्हाला येतं की हे."

"येते," काका म्हणाले.

मी उंबऱ्यावर बसले. त्यांनी रूळ उलटा केला, खालून रंगवायला घेतला आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"सुजाता गेली, अन तुझी काकू बोलाची बंद झाली. रडली बी नाही. सैपाक करे, मले वाढे, भांडे घासे. पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टर केले. तिच्या माहेरचे लोकं आणून बसवले. विहारात नेलं. काही नाही. दिवाळी गेली, उन्हाळा आला. घरात मले बसवत नव्हतं म्हून मांगची ती लिलावाची मशीन अंगणात आणली. मले काय येत होतं तवा? डबा आणला अन गंजावरच रंग मारत बसलो. ती दारात येऊन उभी राहिली. लय वेळ पाहे. मंग म्हणे, 'आवो, तुमाले काही अक्कल हाये का? गंज तसाच ठेवून वरून रंग लावता?'"

ब्रशचा एक केस रंगात अडकला होता, तो त्यांनी नखाने अलगद काढला.

"मंग?" मी विचारलं.

"मंग मी शिकलो घासणं. एका पेंटरकडे जाऊन सारं नीट शिकलो. पण बरोबर केलं असतं तर ती काय बोलली असती?"

मी ताट उंबऱ्यावर टेकवलं.

"अन एकट्या माणसाच्या चुका तरी किती काढाव्या तिनं? म्हून येईन त्याले पेपर देत होतो."

ताटातली भाजी गार होत होती. काकांनी ब्रश थिनरमध्ये बुडवला, नीट धुतला, फडक्याला पुसला. मग ते पाटावर तसेच बसून राहिले. रंगवायचं काही उरलं नव्हतं.

"आता सारे गोड बोलते," ते म्हणाले. "मधू गोड बोलते. त्याची बायको कदी माह्याशी नीट बोलली नाही, ते बी 'भाऊजी, भाऊजी' करते. गल्लीतले लोकं रस्त्यात आवाज बारीक करून बोलते. तू बी 'काका, थोडं खात जा हं' म्हणते. मले असं वाटते पोरी, का मी बी मेलो अन मले कोणी सांगून नाही राहिलं."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. दाढीचे खुंट वाढलेले. सदऱ्याच्या गुंड्या एक सोडून एक लावलेल्या. कोपरापर्यंत हिरवे झालेले हात. मोठ्यांशी वर तोंड करून बोलायचं नाही, हे आईने मला लहानपणी चांगलं ठोकून शिकवलेलं. नोकरीत इतकी वर्षं जपून, पुस्तकातल्यासारखं बोलून बोलून माझी घरची बोलीही जिभेवरून गेली होती. ती कुठून आली कोण जाणे.

"पहाटे उठून भाकरी मी टाकाव्या, अन खाव्या तुमच्या त्या कुत्र्यानं? काही लाज हाये का तुमाले?" मी म्हटलं. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. शेजारच्या बाई कपडे वाळत घालता घालता थांबल्या. "अंगोळ कवा केली होती? सदरा पाहा, गुंड्या पाहा. काकू असती तर घरात घेतलं असतं का असं? अन आता रंगाचे हात घेऊन असे काय बसले? उठा अगुदर. घासलेटनं हात पुसा, साबणानं धुवा, अन या इथं."

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग गुडघ्यावर हात टेकून उठले, मोरीकडे गेले. पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. परत आले तेव्हा कोपरापर्यंत हात लाल झाले होते आणि गुंड्या नीट लागल्या होत्या.

ते माझ्यासमोर ताटावर बसले. भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले.

"मीठ कमी हाये," ते म्हणाले.

"गुमान जेवा," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली आणि जेवले. थोड्या वेळाने ताट माझ्याकडे सरकवून त्यांनी अजून अर्धी भाकर मागितली.