व्हर्नाबाईंचं काचेचं भांडं

"लोवेल, दुसऱ्याचं भांडं घरात ठेवून घेऊ नये. आणि परत करताना रिकामं तर मुळीच देऊ नये."

आईचं हे सांगणं सेनेटर लोवेल क्रॅब्ट्री यांना आठवलं, तेव्हा दुसऱ्याचं भांडं त्यांच्या मांडीवर होतं आणि रिकामं झालेलं होतं.

त्या वर्षी निम्म्या सेनेटरांना अध्यक्षपदाची शर्यत जिथून सुरू होते त्या आयोवा राज्याच्या मक्याविषयी एकाएकी प्रेम दाटून आलं होतं. अध्यक्षपदाला उभे राहणार का, असं कुणी विचारलं, की "छे हो, सहज आलोय," म्हणायचं आणि पुढचं गाव गाठायचं. क्रॅब्ट्री असेच सहज, बुधवारी एका चर्चच्या तळघरात पोहोचले. ईस्टरआधीचे उपासाचे दिवस. प्रार्थना झाली, की घरोघरून आणलेलं सगळ्यांनी मिळून जेवायचं.

सकाळपासून लोक त्यांच्या हातात काही ना काही देत होते. टोपी, कणीस, एकदा तर रडकं बाळ. त्यामुळे व्हर्ना टिआडेन नावाच्या आजीबाईंनी नूडल्स आणि माशांचं वाफाळतं भांडं, स्वयंपाकाच्या हातमोज्यांसकट, पुढे केलं आणि "धरा हो जरा," म्हणून टेबलावर घालायला कापड आणायला गेल्या, तेव्हा सेनेटरांचा ऊर भरून आला.

"केवढं हे प्रेम!" ते म्हणाले. फोटो निघाले.

"साहेब, उशीर होतोय," त्यांची सल्लागार डीना म्हणाली. साहेब भांड्यासह गाडीत बसले. व्हर्नाबाई कापड घेऊन आल्या, तर भांडंही नाही आणि सेनेटरही नाही.

गाडीत सगळ्यांनी चमच्यांनी भांडं चाटूनपुसून साफ केलं. मग डीनाने ते उलटं केलं. बुडाला चिकटपट्टी होती: 'व्हर्ना टिआडेन. परत द्यावे.'

"भेटवस्तूवर असं लिहितात का गं?" क्रॅब्ट्रींनी हळूच विचारलं.

तेवढ्यात फोन वाजला. तळघरातली शेवटची रांग नुसत्या पावावर उठली होती आणि बातमी टीव्हीपर्यंत गेली होती. क्रॅब्ट्रींच्याही आधी आयोवात सहज आलेले सेनेटर पॅक्सटन कॅमेऱ्यापुढे कळवळून म्हणत होते, "देवाघरच्या पानावरचं उचलणं मला तरी जमायचं नाही बुवा."

"भेट होती म्हणा," डीना म्हणाली. "आता माफी मागाल, तर निवडणूक संपेपर्यंत भांडंचोर म्हणतील."

क्रॅब्ट्री कॅमेऱ्यापुढे तसंच म्हणाले. कान मात्र लाल झाले होते. मग वार्ताहर व्हर्नाबाईंच्या दारात गेला. त्यांनी कॅमेऱ्याकडे क्षणभर पाहिलं. "हो. भेट म्हणून मीच दिलं त्यांना," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

गाडीत टाळ्या पडल्या. क्रॅब्ट्रींनी आभार मानायला फोन लावला.

"आजी, तुम्ही माझी लाज राखलीत."

"राखली खरी. पण या उपासाच्या दिवसांत खोटं बोलायचं नाही, असं मी देवापाशी कबूल केलं होतं. तुमच्यापायी मोडलं बघा."

सेनेटरांना वाटलं, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"चारचौघांत पाहुण्याला मान खाली घालायला लावायची? ते जाऊ दे बाबा. भांडं तेवढं रविवारी दुपारच्या आत आणून द्या. शेजारच्या हार्लनचा पाय मोडलाय, त्याचं जेवण त्यातूनच जातं माझं."

"स्वतः आणून देतो. आणि त्या वार्ताहराला खरं काय ते मीच सांगतो."

"हातमोजेही आणा हो."

नेमकी रविवारी त्याच वेळी मोठी मुलाखत होती. क्रॅब्ट्री सहज आलेले नाहीत, हे त्यात देशाला कळायचं होतं. डीना बोलवायला आली, तेव्हा हॉटेलच्या खोलीत सेनेटर कॉफीच्या यंत्रात अंडी उकडत होते. दोन फुटली होती. उरलेली त्यांनी सोलून भांड्यात नीट मांडली, वरून मीठ भुरभुरवलं.

"साहेब, हे काय?"

"रिकामं देऊ नये म्हणून."

"बरं, मग कॅमेरेवाल्यांना तिकडेच बोलावते. झकास दिसेल! अंडी, आजीबाई..."

"कुणालाही बोलावू नकोस."

"अहो, पॅक्सटन आजच उभे राहतायत!"

"राहू देत. त्या वार्ताहराला मी जाऊन आल्यावर फोन करणार आहे. तोवर कुणाशी बोलू नकोस."

आणि हातमोजे घालून, भांडं सांभाळत, सेनेटर क्रॅब्ट्री मागच्या जिन्याने उतरू लागले.