अण्णांची पॅसेंजर

अण्णांच्या घरची बेल वाजवली की दार उघडत नाही. आतून आवाज येतो, "थांबा, गाडी फलाटाला लागतीय." मग आपण खिरीची वाटी घेऊन पायपुसण्यावर उभं राहायचं. गाडी लागते, भाजीपाल्याचं माळवं चढतं, म्हणजे चढलं असं मानायचं, आणि मग अण्णा दार उघडून अगदी मनापासून विचारतात, "लई वेळ झाला का, ताई?" तोवर खिरीवर साय धरलेली असते.

मी जन्माची नारायण पेठेतली. निवृत्तीनंतर मांजरीला या टॉवरमध्ये राहायला निघाले, तेव्हा नातेवाइकांनी मी परदेशी चालल्यासारखा निरोप दिला. एका मावशीने तर "तिकडे दूध मिळतं ना?" असंही विचारून घेतलं. इथे आल्यावर कळलं की आमचा टॉवर ज्या रानात उभा आहे ते रान समोरच्या अण्णांचं. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात फ्लॅट दिले. त्यातल्या एकात अण्णा आणि त्यांच्या बायको मालनताई राहतात, आणि त्यांच्यापेक्षा जास्त जागेत रेल्वे राहते.

ही रेल्वे खरं म्हणजे नातवाची. तो सुट्टीला आला होता, त्याने ती गोल गोल फिरवली, कंटाळला आणि टाकून गेला. अण्णा ती खोक्यात भरायला बसले आणि तिथेच अडकले. मग मोबाईलवर त्यांना एक गोरा म्हातारा सापडला. खेळण्यातली गाडी खऱ्यासारखी कशी चालवायची हे तो शिकवतो. मी विचारलं, "अहो अण्णा, त्याचं इंग्रजी कळतं का तुम्हाला?"

"इंग्रजी न्हाई कळत. त्याचा हात कळतो."

त्या हातावरून अण्णा बरंच काही शिकले. गाडी हिसका देऊन सोडायची नाही, फलाटावरची म्हातारी पडेल. इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला आणून जोडायचं, उगाच उलटं ढकलायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, पुढच्या स्टेशनने 'येऊ द्या' अशी घंटा दिल्याशिवाय गाडी त्याच्या सिग्नलपुढे सोडायची नाही. मी एकदा म्हटलं, "जरा जोरात पळवा की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी साक्षात देवापुढे भराभर आरती म्हणायला सांगतेय.

"खऱ्यात असं नसतं, ताई."

हे अण्णांचं पालुपद. मालिकेतली सून झोपेतून उठताना दागिने घालूनच उठली, खऱ्यात असं नसतं. बिल्डरच्या चित्रात सोसायटीपुढे तळं आणि त्यात बदकं, खऱ्यात असं नसतं. माझ्या मोदकाच्या कळ्या फारच सारख्या आल्या, तेव्हाही त्यांनी मोदक फिरवून पाहिला आणि साच्यातला असल्याचा संशय व्यक्त केला. तो साच्यातलाच होता, पण विचारायची काय गरज?

हॉलमध्ये त्यांनी त्यांच्या लहानपणीचं स्टेशन उभं केलंय. फलाटावरच्या बाकाची एक फळी मोडलेली, कारण खरी मोडलेली होती. भिंतीला भोक पाडून रूळ शेजारच्या खोलीत नेलेत, तिथे शहराचं स्टेशन, एक घंटा आणि एक स्टूल. त्या स्टुलावर मी एकदा बसायला गेले तर अण्णा घाईने म्हणाले, "तिथं नको ताई. ते किसनचं हाय."

किसन म्हणजे अण्णांचा धाकटा भाऊ. दोघं पोरवयात पहाटेच्या पॅसेंजरने माळवं घेऊन शहरात जायचे. किसन हलका, तो पुढे पळायचा आणि गार्डाशी गप्पा मारत गाडी अडकवून ठेवायचा, "माझा भाऊ येतोय, एक पाटी ऱ्हायलीय." मागून अण्णा डोक्यावर पाटी घेऊन धापा टाकत यायचे. "माझी गाडी कधी चुकली न्हाई ताई," अण्णा सांगतात, "ती किसनमुळं."

पुढे जमीन बिल्डरला द्यायची वेळ आली. किसनचा विरोध होता. जमिनीला एक वेळ तो तयार झाला, पण विहीर बुजवायला नाही. ती विहीर त्यांच्या वडिलांनी खणलेली. ज्या दिवशी बुजवली, त्या दिवसापासून किसन भावाशी बोलला नाही. बिबवेवाडीत राहतो, मोटारपंप दुरुस्त करतो. विहिरीच्या जागेवर आज आमचं पार्किंग आहे. माझी गाडी तिथेच उभी असते, आणि हे कळल्यापासून ती काढताना मला चोरट्यासारखं वाटतं.

तर अण्णांची पॅसेंजर रोज फलाटावरून निघते, भोकापुढच्या सिग्नलपाशी थांबते, पलीकडून घंटा येत नाही म्हणून परत येते. शहराच्या स्टेशनात ती आजवर पोचलेली नाही. घंटा कोणीही वाजवू शकलं असतं, मी तर हौसेने वाजवली असती, पण अण्णांना किसनचीच हवी.

आता मुद्द्याचं. एकदा मालनताई लसूण सोलता सोलता म्हणाल्या, "विहिरीवर जायचं तर रूळ वलांडून जावं लागायचं. सासूबाई लई वरडायच्या." मी ताडकन हॉलमध्ये गेले. अण्णांच्या स्टेशनात विहीर रुळाच्या अलीकडे, फलाटाला चिकटून. सापडले. आमच्या पेठेत दुसऱ्याची चूक दाखवण्याइतका आनंद आम्हाला पुरणपोळीनेही होत नाही.

"अण्णा, मोडकी फळी आठवते आणि विहीर चुकीच्या बाजूला? खऱ्यात असं नसतं हो."

"ठावं हाय," एवढंच म्हणून ते रूळ पुसत राहिले.

माझा आनंद जागच्या जागी विझला. मालनताईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "मुद्दाम ठेवलीय तशी. भावजींना कुणाची चूक बघवत न्हाई. लहानपणी गुरुजींनाबी भर वर्गात सांगायचे. ह्यांना वाटतं, विहीर चुकलेली दिसली तर ते गप ऱ्हायचे न्हाईत."

तेव्हा कुठे मला कळलं, की घरच्या ग्रुपवर अण्णा रोज गाडीचा व्हिडिओ का टाकतात, आणि प्रत्येक व्हिडिओत विहीर अशी मधोमध का असते. किसन व्हिडिओ बघायचा. निळ्या खुणा यायच्या. सून 'मस्त' लिहायची, नातू अंगठा दाखवायचा. किसनकडून काही नाही. अण्णा मोबाईल उताणा ठेवून गाडी चालवायचे आणि दर थोड्या वेळाने चष्मा वर करून बघायचे. मला फार वाईट वाटायचं, आणि किसनचा रागही यायचा. इतका कसला माणसाला ताठा. मग पार्किंगमध्ये गेले की राग निवायचा.

पावसाळा गेला, गणपती गेले. दिवाळीच्या तोंडावर मी चकलीचा डबा घेऊन गेले आणि बेल वाजवली. आश्चर्य म्हणजे दार लगेच उघडलं. अण्णांनी मोबाईलच माझ्या हातात दिला. ग्रुपवर पणत्यांच्या आणि शुभेच्छांच्या गर्दीत किसनचा निरोप होता: "विहीर रुळाच्या पलीकडं होती. एवढं बी ध्यानात न्हाई का तुझ्या?"

"चिडलाय," अण्णा म्हणाले. "बघा की ताई, किती चिडलाय." दुसऱ्या माणसाच्या चिडण्याने इतका सुखावलेला माणूस मी पाहिलेला नाही.

त्यांनी उत्तर पाठवलं होतं, "ये आणि दाव कुठं होती." त्यावर किसनचं, "दुकान बंद करून येतो."

मला राहवेना. विहीर उचलून पलीकडे ठेवायला मी हात पुढे केला, तर अण्णांनी तो हळूच बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या. त्यालाच हलवू द्या." मग ते शेजारच्या खोलीत गेले आणि किसनचं स्टूल आपल्या धोतराच्या सोग्याने पुसून आले. मालनताईंनी चहाचं आधण जास्तीचं ठेवलं होतं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या लसणाला दोष देत होत्या, लसूण कुठेही नसताना.

पॅसेंजर फलाटावर उभी होती. माळवं चढून झालं होतं, फलाटाचा सिग्नल पडला होता, पण अण्णांचा हात बटणाकडे जात नव्हता. ते दाराकडे तोंड करून बसले होते.

"अहो अण्णा," मी म्हटलं, "गाडीला उशीर होतोय."

"हू द्या," अण्णा म्हणाले. "खऱ्यातबी थांबायची."