आवळ... सोड!

विश्रांती कशी घ्यायची हे मला कुणी शिकवू नये! मी शाळेत पीटी शिकवतो. रोज सकाळी अख्ख्या शाळेला 'विश्राम' मीच देतो!

बायकोचं अंग गेली कित्येक वर्षं दुखतंय. झोपून उठली तरी दमलेलीच. त्यात रजा संपत आलेली. सोमवारी कामावर गेली नाही, तर नोकरी गेलीच म्हणायची. थेरपिस्टबाईंनी उपाय सांगितला: शांत पडायचं, एकेक स्नायू आवळायचा, मग सैल सोडायचा. कुणीतरी हळू आवाजात सूचना द्यायच्या.

"कुणीतरी कशाला? मी आहे ना!" मी म्हणालो.

बायकोने डोळे मिटले. मला वाटलं, लागलीच सुरुवात केली!

घरी तिला सतरंजीवर आडवं केलं. "डावी मूठ, आवळ! सोड!" रस्त्यावरचा एक सायकलवाला दचकून थांबला.

"अहो, हळू..."

"हळूच बोलतोय! आता हात, पाय, पोट, जबडा, सगळं एकदम आवळ!" म्हटलं, तेवढाच वेळ वाचेल.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मेहुणी. "ताई बरी आहे?"

"शू! आराम करतेय!" मी तिला आरामाचं महत्त्व सविस्तर सांगितलं. मग खालच्या मजल्यावर कुणी भिंतीत ड्रिल मशीन सुरू केलं. त्याला गॅलरीतून शांततेचं महत्त्व सांगितलं. तो ऐकेना, म्हणून आणखी मोठ्याने सांगितलं.

परत येऊन बघतो तर बायको लाकडासारखी ताठ, चेहरा लालबुंद!

"अगं, हे काय?"

आवळलेले दात न सोडता तिने विचारलं, "सोडू?"

"अजून धरून ठेवलंस?"

"आधी सोडलं की तुम्ही पहिल्यापासून घ्यायला लावता!" म्हणाली, आणि पोटरीत असा गोळा आला की किंचाळलीच.

मेहुणी पाय चोळत म्हणाली, "भावजी, यापेक्षा दुखणं बरं होतं!"

दुसऱ्या दिवशी माझा घसा पार बसला. शब्द फुटेना. बायको एकटीच सतरंजीवर पडली, मनातल्या मनात आवळत-सोडत राहिली, आणि चक्क गाढ झोपली! रोज तेच. सोमवारी ती स्वतःच्या पायांनी कामावर गेली. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

थेरपिस्टबाई खूश. "छान! काय केलंत?"

"मी काहीच नाही. यांचा आवाज गेला."

बाईंनी गंभीरपणे मान हलवली. "हेच चालू ठेवा."

घरी आल्यावर मी खुणेनेच गुळण्यांसाठी गरम पाणी मागितलं.

बायको प्रेमाने म्हणाली, "एवढी कसली घाई आहे?"