घोडीच्या वाट्याच्या कडा

भिकोबातात्या रामराम घालण्याआधी समोरच्याचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलत. सरकारी पागेत घोडी पारखण्यात जन्म गेला. पागा सुटली, सवय सुटली नाही. सकाळी हौदावर जावं, तर घागर बुडायच्या आत तात्यांचा अंगठा आपल्या हिरडीवर! दाबायचा, सोडायचा, रंग कधी परततो ते बघायचं. "माणूस लबाड बोलंल, हिरडी न्हाई बोलायची," हे पालुपद. एका जमादाराला त्यांनी भर पेठेत सुनावलं, "मिशा झकास, पर हिरडी सडलीया. मिशरी सोडा, न्हाईतर दम लागंल." जमादाराला दम आधीच लागत होता, म्हणून तो जास्तच भडकला.

मी दफ्तरातला कारकून. संशय घेणं हा आमचा पगारी धंदा. आमची बायको भाकरीच्या कडा शेजारच्या तात्यांच्या म्हाताऱ्या घोडीला घालायची. एके दिवशी तात्या माझा ओठ सोडून म्हणाले, "पंत, हल्ली कडा लई येत्यात. वैनी खात न्हाईत का?" मी कान टवकारले. मग त्यांनीच विचारलं, "वैनी हसताना तोंडावर पदर घेत्यात, ते पहिल्यापासनं, का हल्लीच?"

म्हणजे गृहस्थ हसण्यापर्यंत पोचले होते!

त्यात त्यांनी हातावर एक पुडी ठेवली. "वैनींना द्या." वशीकरणच, दुसरं काय! परीक्षा म्हणून मीच चिमूटभर जिभेवर टाकली. कडू, तुरट, खारट. घटकाभर ओट्यावर वाट पाहिली. तात्यांबद्दल प्रेम काही वाटेना. तेव्हा भांडायला गेलो.

"परक्याच्या बायकोच्या तोंडाशी तुम्हाला काय कर्तव्य?"

तात्या घोडीला खरारा करत होते. "त्रिफळा, सैंधव, खैराची साल. तिळाच्या तेलात कालवून रोज हिरडीला हळू चोळायचं, जेवल्यावर चूळ भरायची. कडा टाकणारं जनावर माजलेलं नसतंय, पंत, त्याचं तोंड दुखतंय. हिरडीतली घाण रक्तात उतरती, मग सगळं अंग खंगतं."

"माझी बायको म्हणजे घोडी वाटली काय?"

"न्हाई. घोडीचं तोंड कुणीतरी बघतं."

मग खरारा थांबला. "आमची कारभारीणबी कडा टाकायची. मी म्हनायचो, मिजास आली. सगळ्या पागेची तोंडं उघडली मी. घरातलं एक ऱ्हायलं." पुढं ते घोडीच्या मानेवरून नुसताच हात फिरवत राहिले.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "जरा आ कर बघू." तिनं माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसं पाहिलं, मग पदर खाली घेतला. हिरड्या सुजून जांभळ्या, कडेनं रक्त.

"सांगायचं नाहीस?"

"सांगून काय, टिपण लिहिणार होता?"

पुडी संपली, दुसरी आली. श्रावण लागला तेव्हा तात्या आंबट चेहऱ्यानं दारात उभे. "पंत, तक्रार हाय. घोडीला कडा येईनात."

"हल्ली घरातच संपतात."

"असं व्हय," म्हणून ते वळले. माझा ओठही उचलला नाही. मी संशयानं भिंतीला कान लावला. पलीकडे तात्या घोडीला सांगत होते, "खाल्ल्या गं तिनं. आपल्या आपनच खाल्ल्या."