डावीकडं पाय

भुयारकाका कुणाच्याही भाषणाला बसले की आधी वक्त्याचा चष्मा पाहतात. वक्ता काय बोलणार, हे त्यांच्या लेखी नंतरचं. चष्मा नाकावर तिरका दिसला की ते पहिल्या रांगेतून उठतात, शर्टाच्या खिशातून बोटाएवढा पेचकस काढतात आणि सरळ स्टेजवर चढतात.

पुण्याहून आलेल्या एका नामवंत तज्ज्ञांच्या बाबतीत हे झालं तेव्हा मी माइकवर त्यांची ओळख करून देत होते. त्यांच्या तिसऱ्या पदवीपर्यंत पोचले असेन, तेवढ्यात मागून आवाज आला, "सायेब, जरा वाका."

साहेब वाकले. काका अशा सुरात 'वाका' म्हणतात की कलेक्टरही वाकेल. काकांनी त्यांच्या नाकावरचा चष्मा उचलला, एक डोळा मिटून दिव्याकडे धरला, काडी अंगठ्यानं जराशी दाबली, पेच फिरवला आणि चष्मा परत जागेवर ठेवला.

"तुमचा उजवा कान उंच हाये," काका म्हणाले. "देवाचं काम हाये ते, तुमचा दोष नाई. पण ज्यानं चष्मा देला त्यानं पाहाले पायजे होतं."

"चष्मा मीच बसवलाय," साहेब म्हणाले.

"मंग तं जास्तच वाईट," काका म्हणाले आणि खाली येऊन बसले.

साहेबांचा मोठेपणा असा की ते हसले. भाषणभर त्यांनी एकदाही चष्मा वर सरकवला नाही. पण दर वेळी असं गोड होतं असं समजू नका. नागपूरच्या एका मॅडमच्या फ्रेमची काडी काकांच्या हातातच राहिली. मॅडमनी अख्खं भाषण एका हातानं चष्मा धरून दिलं आणि काका पहिल्या रांगेत शिक्षा झालेल्या पोरासारखे मान खाली घालून बसले. जेवणाच्या सुट्टीत मात्र ते न जेवता राजकमल चौकाकडे गेले, तशीच काडी शोधून आणली, बसवली आणि मॅडमना म्हणाले, "आता हे तुमच्या मुंडक्यापेक्षा जास्त टिकन." मॅडमनी याचा नक्की काय अर्थ घेतला, ते मला आजवर कळलेलं नाही.

आम्ही अमरावती-अकोल्याकडचे ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढणारी माणसं. शिक्षण संपवून धंद्याला लागलो तरी नवी यंत्रं, नव्या काचा, नव्या तपासण्या येतच राहतात. म्हणून दर दोन महिन्यांनी एका रविवारी, कधी अमरावतीला तर कधी अकोल्याला, आम्ही कुणातरी तज्ज्ञाला बोलावतो. कागदोपत्री याचं नाव 'निरंतर शिक्षण'. काका म्हणतात 'रविवारची शाळा'. मी या मंडळाची सचिव. म्हणजे हॉल, माइक, पाहुण्यांचं तिकीट आणि आलू-वांग्याच्या भाजीतलं तिखट, या सगळ्याला जबाबदार. खरं सांगायचं तर आमचे बरेच सभासद प्रमाणपत्रासाठी येतात आणि त्या भाजीसाठी थांबतात. शिकायला येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यात काका पहिले. चांदूर रेल्वेहून एसटीनं येतात आणि हॉल उघडायच्या आधी पायरीवर हजर असतात.

"काहून उशीर केला, सेक्रेटरीबाई?" हे त्यांचं 'नमस्कार'.

शिकायची एवढी हौस, पण परीक्षेत काका नापास. भाषणानंतर आम्ही छोटी चाचणी घेतो. प्रश्नाखाली चार उत्तरं, एकावर खूण करायची. काका खूण करतच नाहीत. बाजूला लिहितात, 'पेशंट पाह्यल्याशिवाय सांगता येत नाई.' सगळ्या प्रश्नांना हेच. एकदा मी म्हटलं, "काका, पेशंट नाहीच आहे हो, ही फक्त परीक्षा आहे." तर म्हणाले, "पेशंट नाई तं मंग तपासून काय राहिले तुमी?"

मध्यंतरी आमची शाळा मोबाइलवर भरत होती. सगळे आपापल्या घरून. काकांचं कपाळ तेवढं पडद्यावर दिसायचं आणि आवाज बंद करायचा असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी पुण्याच्या एक बाई लहान मुलांच्या डोळ्यांवर बोलत होत्या. तेवढ्यात कपाळातून आवाज आला, "डावीकडं पाय."

बाई थांबल्या. पुन्हा सुरू झाल्या.

"अजून डावीकडं पाय. अजून! हां, आता कसं!"

बाई अतिशय सौजन्यानं म्हणाल्या, "कुणाकडे योगासनांचा वर्ग चालू आहे का? कृपया आवाज बंद करावा."

आम्ही सगळे वऱ्हाडी इकडे हसून लोळलो. आमच्याकडे 'पाय' म्हणजे 'पाहा', हे पुण्याच्या बाईंना कोण सांगणार! काका भाषण ऐकता ऐकताच दुकानात पेशंट तपासतायत, असं आम्ही धरून चाललो. कामसू माणूस, सगळे म्हणाले.

खरी अडचण प्रश्नांची होती. विषय कोणताही असो, शेवटी "काही शंका?" असं विचारलं की काका उभे. गेल्या एक-दोन वर्षांत तर त्यांची शंका आणि त्या दिवसाचा विषय यांचा काडीचा संबंध उरला नव्हता. अकोल्याच्या कार्यक्रमात त्याचा कडेलोट झाला. दिवस उन्हाळ्याचे, अकोल्याचं ऊन, हॉलमध्ये दोन कूलर विमानासारखे घरघरत होते. पाहुणे कॉन्टॅक्ट लेन्सवर बोलून घाम पुसत होते.

"पेशंटले अर्धंच दिसून राहिलं असन," काका ओरडले, "तं आपण कोणत्या बाजूनं बसाचं?"

"लेन्स लावताना?" पाहुण्यांनी विचारलं.

"लेन्स सोडा!"

"लेन्स कशी सोडू? माझा विषयच तो आहे."

"बरं, लेन्स धरा. पण बसाचं कुठं?"

हॉल हसला. पाहुणे गोंधळले, मग जरा चिडले. काकांनी तोच प्रश्न कूलरच्या वरताण आवाजात आणखी दोनदा विचारला. शेवटी आमचे अध्यक्ष तायडे सर यांनी आभाराचं भाषण सुरू करून टाकलं.

जेवताना तायडे सरांनी मला बाजूला घेतलं. "हे बघा, मोठी माणसं आपल्याकडे यायला नाही म्हणतील. काका तुमचं ऐकतात. त्यांना सांगा, या, बसा, जेवा, पण प्रश्न नको."

"तुम्ही सांगा ना, सर. तुम्ही अध्यक्ष."

"ते माझ्याच दुकानात येऊन माझाच चष्मा दाबून गेलेत. मी नाही सांगणार."

फोनवर सांगणं बरं दिसेना. पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून मी चांदूर रेल्वेच्या एसटीत बसले. वाटभर वाक्यं जुळवत होते. 'काका, तुमचा अनुभव मोठा आहे, पण...' या 'पण'च्या पुढे गाडी जात नव्हती.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. पण तिथं मोबाइलची कव्हरं लटकत होती. "भुयारकाका?" कव्हरवाला म्हणाला. "त्यांनी दुकान देऊन दोन वर्षं झाली ताई. घरीच असतात. मागच्या गल्लीत जा."

दोन वर्षं हा माणूस आमच्याकडे येतोय, पहिल्या रांगेत बसतोय, आणि तपासायला एक पेशंट नाही?

दार काकांनीच उघडलं. कमरेला टॉवेल खोचलेला, हाताला कणीक. क्षणभर ते मला ओळखेनात, मग म्हणाले, "अवं, सेक्रेटरीबाई! ये, ये. जेवाच्याच टायमाले आली." पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू ऐकला.

आत खुर्चीवर काकांच्या पत्नी, शोभाकाकू बसल्या होत्या. पांढरे केस नीट विंचरलेले, हातात वर्तमानपत्र. त्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल पट्टी चिकटवलेली होती. मग बाकीच्या लाल पट्ट्या दिसायला लागल्या. दाराच्या चौकटीला, पलंगाच्या कडेला, टेबलाच्या कोपऱ्याला. सगळ्या डाव्या बाजूला.

मी याच धंद्यातली. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. लकव्याचा झटका येऊन जातो, हात-पाय पुन्हा हलू लागतात, बोलणं परत येतं. पण कधी कधी मेंदूत डाव्या बाजूचं चित्र उमटेनासं होतं. दोन्ही डोळे धडधाकट, आणि जगाचा डावा अर्धा गायब. अशा माणसाला ओळीची सुरुवात सापडत नाही. लाल पट्टी दिसेपर्यंत नजर न्यायची, मग वाचायला लागायचं.

मी काकूंच्या डावीकडच्या खुर्चीत बसायला गेले. काकांनी ती खुर्ची उचलली आणि उजवीकडे ठेवली. "इथं बस. इथून तू दिसशीन तिले." काकू माझ्याकडे पाहून हसल्या, "हां, आता आलीस."

काकांनी ताटं वाढली. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी. काकू सावकाश जेवत होत्या. त्यांच्या उजवीकडचा भात संपला, पोळी संपली. डावीकडची भाजी तशीच्या तशी.

"भाजी नाई केली का आज?" काकूंनी विचारलं.

मी काकांकडे पाहिलं. आता 'डावीकडं पाय' म्हणतील असं वाटलं. पण परक्या माणसासमोर ते म्हणाले नाहीत. "केली न," म्हणत उठले, स्वयंपाकघरात गेले, रिकामा चमचा घेऊन आले, ताटावर वाढल्यासारखा हात केला आणि दुसऱ्या हातानं ताट हळूच फिरवलं.

"मस्त झाली," काकू म्हणाल्या.



जेवण झाल्यावर काका भांडी घेऊन मोरीत गेले. काकूंनी मला जवळ बोलावलं. "तिकडं बोलते का हे?"

"बोलतात," मी म्हटलं. "चांगलेच बोलतात."

"बोलू देजा बाई." त्यांनी माझा हात धरला. "दिवसभर दुकानात गिऱ्हाइकाशी कचकच करनारा मानूस. माह्यापायी दुकान सोडून बसला घरात. आता निस्तं माह्याकडं पाहत रायते. म्हनून मीच धाडतो त्याईले तुमच्याकडं. शेजारच्या वहिनी बसते त्या दिवशी माह्यापाशी. मले काई व्हनार नाई थ्या भाषनानं, मले काय समजत नाई? पन घरी येते तवा तोंड कसं फुललेलं असते. त्याईले नको सांगजो मी असं बोलली म्हनून."

मी मान डोलावली. मोरीतून भांड्यांचा आवाज येत होता.

काका मला सोडायला स्टॅंडवर आले. बाकड्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "काम काय होतं तुहं? इतक्या दूर कोनी वांग्याची भाजी खाले येत नाई."

मी काहीतरी पुटपुटले. पुढच्या रविवारचं, वेळेचं.

"मले समजते," काका म्हणाले. "अकोल्याले जास्त झालं माह्यं. थो बिचारा लेन्सवाला." एसटी दिसते का ते त्यांनी वाकून पाहिलं. "गेलेली नजर परत येत नाई, हे मले पहिल्या दिवशीच माहीत होतं. माह्याच धंद्यातली गोष्ट हाये. पन रविवारी घरी गेलो का तुही काकू विचारते, आज काय नवीन सांगतलं? अशी आशेनं पायते माह्याकडं. मंग काईतरी न्याव लागते न तिच्यासाठी. बसाचं कसं, वाढाचं कसं, काईही. म्हनून विचारत रायतो, जो भेटन त्याले." मग बोट उगारून म्हणाले, "तिले बोलू नको हे. तिले वाटते, मी एखाद दिवशी औषध घेऊन येईन."

एसटी आली म्हणून बरं झालं. दोघांनीही मला एकमेकांपासून लपवायला एकेक गोष्ट दिली होती, आणि मी आणलेली गोष्ट माझ्याजवळ तशीच राहिली होती.

घरी पोचते तोच तायडे सरांचा फोन. "सांगितलं का त्यांना?"

"नाही सांगितलं," मी म्हटलं. "पण सर, पुढच्या वेळचा विषय मी ठरवलाय. लकव्यानंतर अर्धंच दिसणारे पेशंट."

"असे पेशंट आपल्या दुकानात येतात किती? कोण ऐकायला येणार?"

"मी भाजी चांगली करून घेते, सर."

नागपूरच्या एका डॉक्टरबाई आल्या. याच कामात आयुष्य घालवलेल्या, शांत, लहानखुऱ्या. काका पहिल्या रांगेत होते. बाईंच्या चष्म्याकडे काकांनी एकदाही पाहिलं नाही. बाई वाचण्याबद्दल बोलल्या, रस्ता ओलांडण्याबद्दल, स्वयंपाकघराबद्दल, चिडचिडीबद्दल, आणि सांभाळणाऱ्या माणसाच्या थकव्याबद्दलही बोलल्या. काका गुडघ्यांवर हात ठेवून, जरा पुढे झुकून ऐकत होते.

शेवटी बाईंनी विचारलं, "काही शंका?"

सगळ्या हॉलनं सवयीनं पहिल्या रांगेकडे पाहिलं. तायडे सरांनी तर आभाराचा कागद हातात घेऊन ठेवला होता. काका उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. मग हात जोडले आणि म्हणाले, "नाई. आज घरी सांगाले पुष्कळ हाये."

जेवायला ते थांबले नाहीत. साडेबाराची एसटी होती.