फॉर्मेट न मारणारे भास्करकाका

भास्करकाका कॉम्प्युटरला कान लावून ऐकतात. हे मी गमतीनं म्हणत नाही, खरोखरच ऐकतात. आमच्या चेरीताल मोहल्ल्यात कोणाचा कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला की काकांना बोलावणं जातं. काका येतात, चपला दाराबाहेर काढतात, चष्मा खिशात ठेवतात आणि टेबलाखाली गुडघे टेकून सीपीयूच्या डब्याला डावा कान लावतात. तेवढा वेळ घरातला पंखा बंद ठेवावा लागतो. मे महिन्यात जबलपूरमध्ये पंखा बंद करायला सांगणारा माणूस लोक कसा सहन करतात, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं.

काका आमच्या समोरच्याच घरात राहतात. इथल्या सरकारी फॅक्टरीत ते इन्स्पेक्शनला होते. इतरांनी बनवलेल्या वस्तू तपासायच्या, चूक शोधायची आणि चुकीचं कारण कागदावर लिहायचं, हे काम त्यांनी पस्तीस-छत्तीस वर्षं केलं. रिटायर झाल्यावर तपासायला काही उरलं नाही. मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेला, त्याचा जुना कॉम्प्युटर घरी राहिला, आणि काकांनी तो उघडला. काकू तेव्हा होत्या. त्या म्हणायच्या, यांना आता बोलणारं कोणी भेटलं, मी सुटले.

कॉम्प्युटर बिघडला की दुकानवाले एकच सांगतात: फॉर्मेट मारा, नवीन विंडोज टाका. हा शब्द काकांना शिवीसारखा लागतो. कोपऱ्यावरचे मिश्राजी वकील आहेत. त्यांचा कॉम्प्युटर एकदा काळ्या पडद्यावर अडून बसला. बूट डिव्हाइस सापडत नाही, असं काहीतरी इंग्रजीत लिहून येत होतं. मिश्राजी वैतागून म्हणाले, "काकाजी, फॉर्मेट मार दो, झंझट खतम." काकांनी हातातला कप खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मिश्राजी, बुखार आ जाए तो आदमी बदल देते हो क्या?"

मग चौकशी सुरू झाली. शेवटचा कधी चालला? कोणी बंद केला? बंद करताना घरात कोण होतं? लाइट गेली होती का? मिश्राजी म्हणाले की कोर्टातसुद्धा इतकी उलटतपासणी होत नाही. काका तीन संध्याकाळी तिथं बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्याच्या मागच्या बाजूनं नखाएवढा पेनड्राइव्ह ओढून काढला. मिश्राजींच्या आईनं भजनं ऐकायला लावला होता आणि तो तिथंच राहिला होता. सुरू होताना मशीन आधी त्या पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधायची आणि तिथंच अडकायची. काका बाहेर येऊन मला म्हणाले, "भजनात बसली होती बिचारी. आणि हे तिला मारून टाकून राहिले होते."

काकांच्या बोलण्यात मशीन नेहमी बाई असते, आणि नेहमी बिचारी.

मी नेपियर टाउनमधल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात आहे. प्रश्नपत्रिका टाइप करते. आई गेल्यापासून घरी एकटीच असते, त्यामुळं ऑफिसातून आले की तासभर काकांकडे जायची सवय लागली. कॉम्प्युटरचं जे काही मला येतं, ते त्यांनीच शिकवलं. शिकवण्याची पद्धत फार संथ. बूट होणं म्हणजे काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "सकाळी माणूस उठते तेव्हा पहिले काय करते? आपण कोण, कुठं आहो, हे आठवून घेते. मग चहा मागते. मशीनचंही तसंच आहे." एवढं सांगून त्या दिवशीचा धडा संपला.

नवीन विंडोज टाकण्याशिवाय इलाजच उरला नाही, तर काका ते करतात. पण मग घरात मुंजीसारखी तयारी चालते. सगळ्या फायलींच्या दोन-दोन नकला काढायच्या. प्रत्येक फोल्डर घरच्यांना दाखवून हवं की नको विचारायचं. आमच्या मागच्या गल्लीतल्या एका कुटुंबात या पद्धतीनं जुन्या लग्नाचे फोटो बाहेर आले, त्यावरून दोन जावांचं मिटलेलं भांडण पुन्हा उकरलं गेलं, आणि विंडोज टाकायला पंधरा दिवस लागले.

मला हे सगळं गोड वाटायचं, पण मनातून थोडं हसूही यायचं. आमच्या ऑफिसात मी अर्ध्या तासात विंडोज टाकते आणि कामाला लागते. त्यात मी काही गमावलं असेल असं मला कधी वाटलं नाही. आता वाटतं, पाहिलंच नव्हतं मी.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर काकांचा स्वतःचाच कॉम्प्युटर बंद पडला. तोच काळा पडदा, तीच ओळ. काकांनी वही उघडली आणि रोज एक-दोन ओळी लिहायला लागले. तीन आठवडे झाले तरी मशीन सुरू नाही. रविवारी इराशी, म्हणजे बंगलोरच्या नातीशी, ते त्यावरूनच बोलायचे. आता छोट्या मोबाइलवर डोळे बारीक करून बोलावं लागत होतं. नात हिंदीत बोलते, आजोबा मराठीत, आणि दोघांचं चाललेलं असतं. तिला मराठी कळतं. बोलायची वेळ आली की ती लाजते.

तेवढ्यात जवळच्या मझौली गावातल्या त्यांच्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. काका आठ दिवसांसाठी तिकडे गेले आणि झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे देऊन गेले. जाताना म्हणाले, "मशीनला हात नको लावू. कारण जवळ आलं आहे, मला दिसून राहिलं."

मला वाटलं, त्यांना काय दिसतंय. परत येतील तेव्हा मशीन सुरू असलेली पाहून खूश होतील. एवढाच विचार होता माझा. वाईट विचार नव्हता, हे मी आजही स्वतःला सांगते, आणि आजही त्याचा काही उपयोग होत नाही.

रविवारी दुपारी मी बसले. पेनड्राइव्ह जवळ नव्हता, म्हणून त्यांच्या ड्रॉवरमधला घेतला. माझ्या लॅपटॉपवर त्याच्यात विंडोज भरताना सूचना आली की यातलं सगळं पुसलं जाईल. ती सूचना नेहमीच येते. मी ओके केलं. मग मशीनला तो पेनड्राइव्ह दिसेना. सेटिंगमध्ये जाऊन रांग बदलली, पेनड्राइव्ह पहिला, डिस्क दुसरी. सुरक्षेची एक-दोन कुलुपं होती ती काढली. तेव्हा कुठं विंडोज टाकायचा निळा पडदा उजाडला. पुढं गेले तर मशीन म्हणाली की ही डिस्क जुन्या पद्धतीची आहे, हिच्यावर विंडोज टाकता येणार नाही. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. त्यातला माणूस म्हणत होता, सगळे भाग डिलीट करा, पुढं जाईल. मी सी काढला. डी काढला. पुढं गेलं.

टेबलावर काकांची वही उघडीच होती. शेवटची ओळ मी वाचली होती: "घड्याळ मागे पडून राहिलं. काहून?" मशीन सुरू होत नाही आणि हे घड्याळ बघत बसलेत, असं मनात येऊन मी हसले. ते हसणं मला फार आठवतं.

काका आले त्या संध्याकाळी मी आधीच तिथं होते. मशीन सुरू करून ठेवली होती. ते दारातच थांबले. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग जवळ येऊन माउस हातात घेतला आणि एकच विचारलं, "डी कुठं आहे?"

मी सांगितलं की डिस्कचा तो भाग काढल्याशिवाय पुढं जात नव्हतं. ते खुर्चीवर बसले. ड्रॉवर उघडला, पेनड्राइव्ह नाही म्हणून पुन्हा मशीनकडे पाहिलं. तो मागे लावलेला होता. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, बराच वेळ पुसला. मी विचारलं की त्यात काही होतं का.

"काही नाही," काका म्हणाले. "फॅक्टरीचे जुने कागद होते. रद्दीच ती."

मग त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत नाण्याएवढा गोल सेल होता. मझौलीच्या बाजारातून आणला होता. मशीनच्या पोटात असा एक सेल असतो, त्याच्यावर तिचं घड्याळ आणि सेटिंग टिकतं. तो संपला की ती सेटिंग विसरते आणि जुन्या डिस्कला नव्या पद्धतीनं शोधत बसते. डिस्क समोर असते, पण तिला ओळख पटत नाही. काकांनी हे सगळं मला नेहमीच्या संथपणे, शिकवल्यासारखं सांगितलं. सेल बदलून एक सेटिंग जुनी केली असती, की झालं असतं. डिस्कला काहीच झालं नव्हतं.

त्यानंतर पाच-सहा दिवस काकांचं दार संध्याकाळी बंद असायचं. आतून म्हणायचे, सर्दी आहे, उद्या ये. मग पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं, आणि मी ती गोष्ट विसरले. विसरले म्हणजे, त्यांनी मला विसरू दिली.

मेमध्ये इरा आली. दहा वर्षांची आहे. येताना एक जाड फाइल घेऊन आली होती, वर चिकटवलेली फुलं आणि फुलपाखरं. मी गेले तेव्हा ती फाइल मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मला दाखवली. टाइप केलेली पानं होती, मोठ्या अक्षरांत. प्रत्येक पानावर आपल्या घरातले मराठी शब्द, पुढं हिंदीत अर्थ, आणि खाली एक वाक्य. "आंगण. हिंदी में भी आंगन. इराच्या बाबानं आंगणात पहिल्यांदा सायकल चालवली आणि तुळशीत पडला." "काहून. हिंदी में क्यों. इरा, काहून रडून राहिली?" प्रत्येक वाक्यात कोणीतरी घरचं होतं. काही शब्दांखाली कंसात लिहिलं होतं, हा तुझ्या आजीचा. काका मला अधूनमधून विचारायचे, तुझी आई याला काय म्हणायची, त्याला काय म्हणायची. ते शब्दही होते. त्यांच्याखाली माझ्या आईचं नाव होतं.

अ पासून घ पर्यंतची पानं होती. महिन्याला एक अक्षर मेलनं यायचं, इरा म्हणाली.

मग तिनं आजोबांकडे वळून विचारलं. माझ्यासमोर मराठीत बोलायचं होतं म्हणून लाजत, शब्द जुळवत विचारलं, "आजोबा, पुढचे शब्द काहून नाही पाठवले?"

काका पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते. माझ्याकडे त्यांनी मुद्दाम पाहिलं नाही. "तुझा आजोबा आळशी झाला, बेटा," ते म्हणाले. "लिहायचे राहून गेले."

मी काहीतरी निमित्त काढून घरी आले.

दुसऱ्या दिवशी इरा शेजारी खेळायला गेली तेव्हा मी जाऊन विचारलं. त्यांनी आधी टाळलं, मग सांगितलं. ह पर्यंतचे सगळे शब्द लिहून झाले होते, एक प्रत डीवर आणि दुसरी त्या पेनड्राइव्हवर. काकू होत्या तेव्हापासून जमवत होते. एकदम पाठवले तर एकदम संपतील, म्हणून महिन्याला एकच अक्षर. त्या पाच-सहा दिवसांत त्यांनी डिस्क खरवडून पाहिली होती. फायली निघाल्या, पण अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

मी विचारलं, मला तेव्हाच का नाही सांगितलं.

"सांगितलं असतं तर तू लाजून येणं बंद केलं असतं," ते म्हणाले. "मिश्राजींशी हिंदी. दूधवाल्याशी हिंदी. पोराशीही आता अर्धी हिंदीच. शब्द काय, जमले असते पुन्हा. पण तू नाही आली, तर दिवसभरात मराठीत मी बोलू कोणाशी?"

मी उठून दोघांसाठी चहा ठेवला.

इरा बंगलोरला गेली त्याच आठवड्यात आम्ही ङ सोडून च पासून सुरुवात केली. काका सांगतात, मी टाइप करते. पुष्कळ शब्द परत आले. पण अठ्ठ्याहत्तरीच्या माणसाला सगळे परत येत नाहीत. परवा मध्येच थांबले. म्हणाले, एक शब्द होता, तुझ्या काकूचा, भाकरी तव्यावर पुरती फुगली नाही की ती म्हणायची. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसले. मी कीबोर्डवर बोटं ठेवून थांबले. बाहेर भाजीवाला येऊन गेला, तरी आम्ही दोघं तसेच.

मग काका म्हणाले, "चलो, जागा सोड आणि पुढचा घे."

मी एक ओळ रिकामी सोडली आणि पुढचा घेतला.